सुभद्राकाकी आणि घरांची रांग

टोकावड्याच्या थांब्यावर मी एसटीतून उतरलो तेव्हा एक बाई कंडक्टरशी भांडत होती. भांडण तिचं नव्हतंच. एका म्हातारीची करवंदांची पाटी गाडीत घ्यायला कंडक्टर तयार नव्हता, म्हणून ही बाई दाराच्या पायरीवर एक पाय रोवून उभी राहिली होती. "पाटी आधी वर जाईल, मंग माझा पाय खाली येईल," ती म्हणत होती. "माझ्याकडं टाइम लय हाय. तुमचं तुमी बगा." गळ्यात शिट्टी, पदर कमरेला घट्ट खोचलेला, कपाळावर घाम. पाटी वर गेली, गाडी सुटली, आणि बाईनं वळून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"तुमीच ना ते लेले? मुंबईच्या पोरांचे? तोंड असं का केलंय? कुनाच्या दहाव्याला आलात का?"

सुभद्राकाकीची आणि माझी ओळख झाली ती अशी. माझ्या चेहऱ्याबद्दल ती म्हणाली ते खरंच होतं. कुठेही काही बिघडलं की त्यात आपला हात असणार, असं वाटणाऱ्यांपैकी मी एक आहे. काकीला ही गोष्ट पहिल्या मिनिटात कळली आणि पुढे तिनं मला त्यावरून कधीच सोडलं नाही.

मी तेव्हा मुंबईतल्या एका संस्थेत काम करत होतो. मे महिन्यात गोवंडी-मानखुर्दच्या वस्त्यांमधली मुलं शहापूर-मुरबाडच्या खेड्यांत न्यायची आणि दहा-बारा दिवस एकेका कुटुंबाकडे राहायला ठेवायची, असं ते काम होतं. पत्र्याच्या एका खोलीत वाढलेलं मूल ओढ्यात डुंबेल, कैऱ्या पाडेल, अंगणात झोपून आकाश बघेल. कल्पना मला सुंदर वाटायची आणि अजूनही वाटते. पण एक गोष्ट मला पहिल्यापासून टोचत होती. मुलं बहुतेक दलित, मुसलमान, भटक्या जमातींची. ज्यांच्याकडे ती उतरायची ती घरं बहुतेक कुणब्यांची, कारण पक्कं घर आणि संडास हवा अशी आमची अट होती आणि ते गावठाणातच असायचं. आणि हे सगळं जुळवून आणणारे आम्ही, माझ्यासारख्या आडनावांचे. देणारा कोण आणि घेणारा कोण हे जणू आधीच ठरलं होतं. त्यावर उपाय म्हणून मी एक नियम काढला होता. मुलांची आडनावं गावाला सांगायची नाहीत, फक्त पहिलं नाव सांगायचं. या नियमाचा मला अभिमान होता.

काकी आमची गावातली समन्वयक. थांब्यावरून गावाकडे चालता चालता मी तिला नियम समजावून सांगितला. ती फाट्यावरच थांबली.

"तुमाला समदे लेले लेले करतात. तुमचं आडनाव चालतं आन पोरांचं तेवढं कापून आनायचं? त्यांना लाज वाटते का तुमाला?"

मी काहीतरी पुटपुटलो. ती तोवर पुढे निघून गेली होती. काकीबरोबर चालणं म्हणजे तिच्या मागे धावणंच असायचं.

शाळेत असताना काकी मुरबाडला कबड्डी खेळायची. लग्न झालं, गुडघे गेले, पण खेळ काही अंगातून गेला नाही. सगळ्या जगात तिला दोन बाजू आणि मधली रेघ दिसायची. पांडूकाका, म्हणजे तिचा नवरा, हंडा घेऊन विहिरीवरून येताना दिसले की ही ओट्यावरून ओरडायची, "आले, पांडुरंग आले, डावीकडून चढाई, म्हशीनं पकड केली, सुटले, सुटले!" पांडूकाका गालात हसायचे आणि हंडा जपून ठेवायचे. कुणाचं चुकलं की "फाऊल", वादात कुणी हरलं की "बाद". तंटामुक्तीच्या बैठकीतसुद्धा तिनं एकदा शिट्टी वाजवली होती म्हणतात.

घरच्या आठवणीनं रडणाऱ्या मुलावर तिचा उपाय ठरलेला होता. ती त्याला जवळ घ्यायची नाही. "त्या आंब्याला हात लावून ये. मी पन येते. बगू कोन पयला." आणि खरोखर धावायची, गुडघे धरत, हसत, हरत. मूल धापा टाकत परत आलं की मग शेजारी बसून विचारायची, "हां, आता सांग. आई आठवली का बाबा?" धाप लागलेलं मूल खरं बोलतं, असं तिचं म्हणणं होतं.

पहिल्या वर्षी आम्ही मुलांना शाळेच्या ओट्यावर बाकांवर बसवलं आणि गावातल्या बायका येऊन एकेकाला घेऊन गेल्या. सगळीकडे अशीच पद्धत होती. त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं. "ती गोरीशी मला द्या." "लहान द्या हो, मोठी पोरां ऐकत नाय." "मोठा पोरगा नको, घरात सून हाय." हसतखेळत, गालगुच्चे घेत ओटा रिकामा होत गेला. शेवटी एकटी सोनाली उरली. मानखुर्दची, तेरा वर्षांची, उंच आणि काळीसावळी. आपल्याला कुणी नेलं नाही याच्याशी आपला काही संबंधच नाही, अशा थाटात ती भिंतीवरची बाराखडी मोठ्यानं वाचत होती.

काकी तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. "चल गो. तू आमची. उंच पोरी पकड चांगली करतात."

"मला कबड्डी नाय येत."

"मला तरी कुटं मुंबई येते? चल."

काकीचं आणि तिच्या थोरल्या दिरांचं अंगण एकच होतं. दिरांना सगळं गाव आबा म्हणायचं. सत्तरीचे, ताठ, पूर्वी ग्रामपंचायतीत होते. आडनाव विचारायचं नाही हा नियम त्यांना कळला होता आणि तो त्यांनी पाळलाही. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी सोनालीला दुसरंच विचारलं.

"पोरी, तुमच्या वस्तीत जयंती कुठली मोठी असते?"

आमच्याकडे हे असं विचारतात. सोनालीला प्रश्न नवा नव्हता.

"सगळ्याच. डीजे असला की झालं."

"तू कुठल्या मिरवणुकीत नाचतेस?"

"आई नाचते त्या."

"आन आई?"

सोनालीनं पिशवी खाली ठेवली. "चौदा एप्रिलच्या. निळ्या झेंड्याच्या. बास, का अजून काय विचारायचंय?"

मी तिथेच उभा होतो. माझा नियम अंगणात मरून पडला होता आणि मी चहा पीत होतो.

त्या संध्याकाळी काकीनं जे केलं ते तिनं मला दुसऱ्या दिवशी मोठ्या उत्साहानं सांगितलं. सोनालीला परकं वाटू नये म्हणून ती तिला जेवायला बौद्धवाड्यात शांताबाईंकडे घेऊन गेली होती. "म्हटलं, तिच्या मान्सांत बसेल, दोन घास जास्त खाईल. शांताबाईनं सुकट-कैरी केलेली. पोर पोटभर जेवली." आणि मग रोज तेच. झोपायला काकीच्या अंगणात, जेवायला वाड्यात. काकी दोन्ही वेळा स्वतः हात धरून पोचवायला जायची आणि आणायलाही.

मी म्हणालो, "छान केलंत, काकी." आम्हा दोघांनाही ते खरंच छान वाटलं होतं.

मध्येच एकदा संस्थेला देणग्या देणारे पाहुणे गाडीतून आले. मुलांना ओळीत उभं केलं. एका बाईंनी हौसेनं म्हटलं, "चला, सगळ्यांनी या गावकऱ्यांना थँक्यू म्हणा बरं!" मुलांनी तोंडं उघडली न उघडली तोच शिट्टी वाजली.

"ओ बाई, पावना कुटं थँक्यू बोलतो? पावना आला तर आपन बोलायचं, आलात, बरं झालं." मग गावकऱ्यांकडे वळून, "बोला रे समदे! आलात, बरं झालं!" आणि गाव खरोखर ओरडलं. मुलं खिदळायला लागली. त्या बाईही हसल्या, जरा उशिरानं. मी मात्र परतीच्या वाटेवर त्यांची माफी मागितली. काकीला ते कळल्यावर ती म्हणाली, "तुमचा दहावा काय संपत नाय."

निघायच्या दिवशी सगळी मुलं गाडीत चढली. सोनाली पायरीवरून मागे वळली.

"काकी, शांताबाई एकदम भारी आहेत. त्यांच्या हातचं मी विसरणार नाही. पण मी तुमच्याकडं आले होते ना? तुम्ही मला रोज दुसरीकडं पोचवून यायच्यात."

गाडी सुटली तरी काकी हातसुद्धा हलवायची विसरली.

त्यानंतर पावसाळाभर तिचे फोन येत राहिले. काकी फोनवर, पलीकडचा माणूस आणि आपण यांच्यात एक डोंगर आहे असं धरून बोलायची. मी वाशिंदच्या घरी गॅलरीत जाऊन ऐकायचो आणि शेजारीही ऐकायचे.

"लेलेभाव, त्या पोरीचं बोलनं कानातून जात नाय. मी इचार केला. अर्धी माया होती, अर्धं आबांचं भ्या. भ्यावर मायेचं पांघरून घातलं आन तुमाला दाखवलं. आन तुमी काय बोललात?"

"छान केलंत."

"मंग दोगं पन बाद!"

मी माझ्या सवयीप्रमाणे खोल बुडायला लागलो की ती ओरडायची, "रडू नका! पुढच्या मे मदी ती येनार का ते बगा. मला ती परत हवी. आमच्या घरात, आमच्या चुलीसमोर. येवढंच बगा."

ते बघणं सोपं नव्हतं. संस्थेच्या बैठकीत ठरत होतं की यापुढे बाराच्या आतलीच मुलं न्यायची. मोठी मुलं कुणी घेत नाही, आणि लहानांना हे जातीबितीचं कळत नाही, असं कारण होतं. मी ते काकीला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कळत नाय, का तुमाला सांगत नाय?" हा प्रश्न मी पुढच्या बैठकीत माझा म्हणून विचारला. आधी येऊन गेलेल्यांना एक वर्ष परत नेण्याची परवानगी मिळाली.

मानखुर्दला सोनालीच्या घरी गेलो तेव्हा ती भांडी घासत होती. वर न बघता म्हणाली, "येईन. पण त्या बाकड्यावर बसून, कोण मला नेतंय याची वाट नाय बघणार. तसलं असेल तर नको."

हे मी काकीला कळवलं. फोन कट झाला असं वाटून मी तो कानापासून दूर केला, आणि तेवढ्यात कानठळ्या बसल्या.

"लेलेभाव! बाकड्यावर आमी बसू!"

आणि मग ती जी सुटली! पंधरा दिवस तिनं गाव पिंजून काढलं. यंदा निवड मुलं करणार. घरवाल्यांनी रांगेत उभं राहायचं. मुलं वाट्टेल ते विचारतील, खरं उत्तर द्यायचं. संडासाची अट तिनं माझ्या तोंडावर फेटाळली आणि बौद्धवाड्यातली, ठाकूरवाडीतली घरंही रांगेत आणली. "टॉस दर साली तुमीच जिंकायचा का?" ती दारोदार विचारत फिरली. काहीजण चिडले. पोरासोरांनी आम्हाला पारखायचं? काकीकडे त्यावर एकच औषध होतं. "घाबरलात? कुनी पसंत नाय केलं तर?"

आबांना तिनं हे भर अंगणात विचारलं. आबा लाल झाले. "मला? स्लॅबचं घर, दोन म्हशी, तीन पंखे. पयलं पोरगं माझ्याकडं येईल."

"मंग या रांगेत," काकी म्हणाली आणि आत जाऊन तोंडाला पदर लावून हसली.

तो दिवस मी विसरणं शक्य नाही. शाळेच्या पटांगणात आंब्याखाली सगळी घरं ओळीनं उभी होती. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती, पुरुष उगाच शर्टाच्या बाह्या ठीक करत होते. एरवी पाव्हण्यांना जोखणारी माणसं आज पोरांच्या नजरेसमोर चुळबुळत होती. सरपंचबाईंनी पेढ्यांचा डबा उघडला तशी कर्कश शिट्टी वाजली. "लाच! फाऊल!" हशा झाला. सरपंचबाईंनी स्वतःच एक पेढा खाल्ला आणि डबा बंद केला.

मग मुलं सुटली.

"म्हैस मारते का?" "तुम्ही घोरता का?" "मोबाईलला रेंज येते?" "दारू पिता?" या शेवटच्या प्रश्नावर एका गृहस्थांच्या बायकोनंच खरं उत्तर दिलं. एक पिटुकली शांताबाईंच्या कुत्रीला पिल्लं झाली आहेत हे कळताच त्यांचा पदर धरून उभी राहिली आणि हलेना. ठाकूरवाडीच्या म्हाताऱ्या बाबांकडे गलोल होती. तीन मुलगे धावले, बाबांना काय करावं सुचेना. इमरान नावाचा एक मुलगा एका बाईंसमोर थबकला. "माझं नाव इमरान आहे," तो म्हणाला.

"मंग?"

"असंच. आधीच सांगितलेलं बरं."

बाईंनी त्याची पिशवी उचलली. "माझं नाव सुमन हाय. चल, ऊन झालं."

रांग विरळ होत गेली. सोनाली सगळ्यांत शेवटी थांबली होती, पण या वेळी स्वतःच्या मर्जीनं, आंब्याच्या मुळीवर पाय पसरून. आता ती उठली. रांगेत पाच-सहा घरं होती, टोकाला काकी आणि तिच्या शेजारी आबा. पहिलं पोरगं सोडाच, आबांकडे एकही मूल फिरकलं नव्हतं. तरी ते ताठ उभे होते, घामानं भिजलेले.

सोनाली प्रत्येकासमोर थांबून एकच विचारत होती. "मला जेवायला कुठं बसवणार? दोन्ही वेळ?"

"आमच्यात तसलं काय नाय गो," एक बाई म्हणाल्या. "अगो, आमी तसलं मानीतच नाय," दुसऱ्या म्हणाल्या. सोनाली मान हलवून पुढे सरकत होती.

मग काकीची पाळी आली. मी काकीकडे बघत होतो. वर्षभर तिनं या घडीसाठी माझे कान फोडले होते. पोरगी समोर उभी राहिली. काकीचा आवाज निघाला तो अगदी लहान.

"मागच्या टायमाला चुकले गो."

"माहितेय," सोनाली म्हणाली. रागानं नव्हे. ती थोडी हसलीही. आणि पुढे गेली.

आबांसमोर थांबून तिनं तोच प्रश्न विचारला. आबांनी घसा खाकरला. ते गावाकडे बघेनात, तिच्याकडेही बघेनात.

"आजवर माझ्या घरात तुमच्यातलं कुनी जेवाय बसलं नाय."

मागं कुणीतरी "अरे आबा" म्हणालं. आबांनी हातानंच त्याला गप्प केलं. "खरं सांगायचं ठरलंय ना? मंग ऐका. नाय बसलं. मी बसू दिलं नाय."

"मग आता?"

"बसलीस तर पयली तू," आबा म्हणाले. "मला जमंल का नाय, माहीत नाय."

सोनालीनं पिशवी उचलून खांद्याला लावली. "मी ह्यांच्याकडं राहणार."

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही काय झालं ते. मग एकच कल्ला उठला. बायका बोलत होत्या, मुलं विनाकारण उड्या मारत होती, पांडूकाका टाळ्या वाजवत होते. आबा तसेच ताठ निघाले होते आणि सोनाली त्यांच्या मागून नाही, बरोबरीनं चालली होती. मला त्या क्षणी अपराधी वाटत नव्हतं.

काकीला मूल मिळालं नाही. तिनं सतरंज्या गोळा केल्या, दोघातिघांवर उगाच ओरडली, एका पोराची चप्पल शोधून दिली.

जेवणवेळेला मी निरोप घ्यायला अंगणात आलो. टोकावड्याहून माझी परतीची गाडी होती. पुढच्या वर्षी संस्थेनं काम दुसऱ्या जिल्ह्यात हलवलं, मीही ते सोडलं, आणि त्यानंतर काकीशी फोनवर बोललो तरी तिला पाहिलं नाही. त्या वेळी अंगण रिकामं होतं. आबांच्या घरातून भाताची वाफ आणि ताटं मांडल्याचा आवाज येत होता. काकी त्यांच्या दारापासून चार हात अलीकडे उभी होती, हातात झाकलेलं पातेलं. ते दिराचंच घर होतं. ती तिथे दिवसातून दहादा जात-येत असणार.

मी हाक मारणार तेवढ्यात तिनं मला हातानं थांबवलं. खोचलेला पदर काढून नीट डोक्यावर घेतला.

"सोनाली," तिनं दाराशी हळूच विचारलं, "येऊ का गो आत?"

आत ताटांचा आवाज थांबला. आबा खोकले.

"या ना, काकी," आतून उत्तर आलं. "बसतोच आहोत. जेवूनच जा."

काकीनं चपला काढल्या, वाकून सरळ एकाशेजारी एक लावल्या, आणि उंबरा ओलांडून आत गेली.